पहिल्या पटावरचा बरोबरीबुवा

२ जून

आज कमिटीने मला क्लबच्या बुद्धिबळ संघाचा कप्तान केलं. न खेळणारा कप्तान. 'न खेळणारा' हे शब्द सेक्रेटरींनी जरा जास्तच चवीने उच्चारले, पण असो, ज्याचा त्याचा आनंद. सहा पट, सहा खेळाडू आणि त्यांच्या मागे हात बांधून उभा मी.

नियम असा की डाव चालू असताना खेळाडू कप्तानाला एकच गोष्ट विचारू शकतो: बरोबरी देऊ का, किंवा समोरचा देतोय ती घेऊ का. कप्तानाने 'हो' म्हणायचं नाहीतर 'नाही'. पटाकडे बघून खाकरायचंसुद्धा नाही. म्हणजे माझी सत्ता दोन शब्दांची. घरात तुमची तेवढीही नाही, असं बायको म्हणाली.

क्लबची खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. संघ पहिल्या गटात असेपर्यंतच ती आमची. खालच्या गटात घसरलो की वाचनालयवाले तिथे जुन्या मासिकांचे गठ्ठे रचणार आहेत, तसं त्यांनी साफ सांगितलंय. गेल्या वर्षी आम्ही तिसरे आलो. या वर्षी मी संघ पहिला आणणार.

५ जून

आता पहिल्या पटाबद्दल लिहितो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पहिल्या पटावर आमचा ग्रँडमास्टर बसतो. हा गृहस्थ माझ्या ताईचा नवरा. त्यामुळे तोंडावर 'दाजी, तुम्ही'. वहीत मी त्याला बरोबरीबुवा म्हणणार. वही माझी आहे.

बुवाची कारकीर्द थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तीत काही घडलेलंच नाही. विशीत ग्रँडमास्टर झाला. त्यासाठीची शेवटची स्पर्धा त्याने एक डाव सोडून सगळ्या बरोबऱ्या करून पार पाडली. तो एक डावही समोरचा आजारी पडला म्हणून जिंकला असावा, असं माझं मत आहे. पुढे तीस वर्षं हेच. जगातल्या पहिल्या दहातल्या चौघांशी त्याने बरोबरी केली, आणि टपालखात्यातल्या एका कारकुनाशीही केली, त्याच शांत चेहऱ्याने. त्या कारकुनाने डाव लिहिलेला कागद चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलाय. लाज वाटायला हवी ग्रँडमास्टरला.

खेळण्याची पद्धत: प्यादी एकमेकांचा हात धरून उभी, उंट मागे, घोडा पुढे गेला तरी दोन चालींनी घरी परत. काही मारत नाही, काही मरू देत नाही. समोरचा आत शिरायला दार शोधत राहतो आणि दार काही सापडत नाही. मग बुवा उठतो आणि बागेत आल्यासारखा उरलेल्या पाचही पटांभोवती फिरून येतो. परत बसला की पाच मिनिटांत हात पुढे. "बरोबरी?" गेल्या वर्षी एकूण एक डाव असेच. खालचे आमचे वाघ जिंकत होते म्हणून तिसरे आलो, नाहीतर या अर्ध्या-अर्ध्या गुणांवर काय होणार होतं?

मी स्वतः जिल्ह्यापुढे गेलो नाही, कबूल. पण एकही डाव भेकडासारखा खेळलो नाही. हरलो ते वजीर देऊन हरलो.

९ जून

आज पहिली बैठक. धोरण जाहीर केलं. एक, या वर्षी कोणीही बरोबरी मागायला माझ्याकडे यायचं नाही, उत्तर 'नाही' आहे. दोन, पहिल्या पटावर आमची तोफ. तोफ म्हणजे चौकातल्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर. तिशीच्या आहेत, दिवसभर लोकांच्या दाढा उपटतात आणि संध्याकाळी पटावरही तेच करतात. तीन, बुवा चौथ्या पटावर.

बुवाने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला. मग जरा थांबून, "पहिल्या पटावर समोर त्यांचा सगळ्यात भारी माणूस असतो. डॉक्टरांना सुरुवातीला जरा—"

"जरा काय, दाजी?"

"काही नाही. बरं."

हाच तो खेळ. वाक्यसुद्धा शेवटपर्यंत नेत नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. "तू त्याला काढलंस?"

"काढलं नाही, चौथ्यावर ठेवलं."

"तीस वर्षांनी चौथ्यावर म्हणजे काय असतं ते तुला कळतं. लहानपणी कॅरमच्या सोंगट्या उधळून द्यायचास, तसाच आहेस अजून."

"ताई, खेळात नातं आणू नये."

"आणलंय कोणी," म्हणाली आणि फोन ठेवला.

१७ जून

बरोबरीबुवा नदीपलीकडच्या क्लबात गेला. भांडण नाही, राजीनामापत्र नाही. खोलीतला स्वतःचा चहाचा कप तेवढा घेऊन गेला. सुंठीवाचून खोकला गेला. नदीपलीकडच्यांनी त्याला पहिल्या पटावर बसवलंय म्हणे. बसवोत बापडे. दुकानात पुतळा ठेवला तर गिऱ्हाईक वाढतं थोडंच.

७ जुलै

पहिला सामना. हरलो. साडेचार–दीड.

तोफेने सुरुवात झकास केली, घोडा बळी दिला, मी मागे उभा राहून मुठी आवळत होतो. पण समोरचा माणूस दोन चाली मागे सरला आणि हल्ला कुठे गेला ते कळलं नाही. मध्यावर तिने येऊन विचारलं, "कप्तान, बरोबरी देऊ का?" मी 'नाही' म्हटलं. तासाभरात हरली. भूगोलाचे मास्तर गेल्या वर्षी तिसऱ्या पटावर भल्याभल्यांना लोळवत होते, आज दुसऱ्या पटावर बसले आणि स्वतः लोळले. सगळेच एकेक पायरी वर सरकलेत (सहाव्यावर राखीव गडी), त्यांना उत्साह यायला हवा होता.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं की खोलीतली ट्यूबलाइट फडफडत होती. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

२१ जुलै

दुसराही गेला. काही कळत नाही. माणसं तीच, खोली तीच, ट्यूबलाइट नवी. संघातून एकच माणूस कमी झालाय, तोही अर्ध्या गुणाचा. हिशेब लागत नाही.

७ ऑगस्ट

आज जरा हसायला मिळालं. सकाळी एका नवशिक्या बाईंना गाडी शिकवत होतो (माझा पोटापाण्याचा धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबत असतो). चौकातून वळताना बघतो तर दातांच्या दवाखान्याबाहेर बुवाची सायकल. गेल्या बुधवारी होती, त्याच्या आदल्या बुधवारीही होती. दाढ किडली असणार. आयुष्यभर कशाला चावला नाही, तरी दाढ किडली. बाईंना हसण्याचं कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या, आधी सिग्नल बघा.

१८ ऑगस्ट

जिंकलो, निसटते. पण तोफेचं काहीतरी बिनसलंय. आज हल्लाच केला नाही. प्यादी ओळीत, उंट मागे, सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. समोरचा नामांकित ग्रँडमास्टर होता. तो दार शोधत बसला. माझ्याकडे बरोबरी मागायला ती आलीच नाही. खेळत राहिली, खेळत राहिली, शेवटी पटावर दोन राजे तेवढे उरले, डाव आपोआप बरोबरीत सुटला आणि कोणाला काही विचारण्याची गरज राहिली नाही. नियमाने मला बोलता येईना. खालच्या पटांवर मात्र आज आमचे तिघे जिंकले. माझ्या धोरणाला फळ यायला लागलंय.

मध्ये एकदा ती उठून सगळ्या पटांभोवती फिरून आली. मी विचारलं, पाय आखडले का? "नाही," म्हणाली, "बघत होते, माझ्याकडून किती पुरेल ते." याचा अर्थ काय ते तिलाच ठाऊक.

८ सप्टेंबर

आणखी एक जिंकलो, आणखी एक बरोबरीत सुटला. तोफेने पुन्हा दोन्ही डाव दोन राजांपर्यंत ओढले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, तिच्या आंतरराष्ट्रीय मास्टरच्या किताबाला आता अर्धा गुण कमी आहे. शेवटच्या सामन्यात अर्धा मिळाला की झालं. आठ वर्षं धडपडतेय बिचारी." मी म्हटलं, किताब जिंकून घ्यायचा असतो, वजन करून नाही.

१४ सप्टेंबर

बायको दात साफ करून घ्यायला दवाखान्यात गेली होती. येऊन सहज म्हणाली, "दाजी होते तिथे. आतल्या खोलीत पट मांडून बसले होते डॉक्टरांबरोबर. ताईही होत्या, थर्मासमध्ये चहा घेऊन."

माझं डोकं फिरलं. तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांच्या हातात कोणाची तरी कवळी होती.

"शत्रूकडे शिकवणी चालू आहे?" मी विचारलं.

"शत्रू कसले, कप्तान? तुमचे दाजी ते."

"दाढेच्या नावाखाली."

"दाढ खरंच दुखते त्यांची," ती म्हणाली. "अधूनमधून."

तिथून ताईकडे. बुवा घरी नव्हता, ते बरंच झालं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बसही म्हणाली नाही.

"तीच आली होती त्याच्याकडे," ताई म्हणाली. "दुसरा सामना हरल्यावर. रडत होती. तू मागे उभा राहून नुसता 'नाही, नाही' करतोस म्हणाली. हा म्हणाला, मी दुसऱ्या क्लबात आहे, मला शिकवता यायचं नाही. मग म्हणाला, पण दाढ दाखवायला येऊ शकतो."

"आणि काय शिकवतो? पळायला?"

"कुठे थांबायचं ते."

"म्हणजे ब्रेक. ब्रेकचं मला सांगू नकोस, ताई. मी दिवसभर तेच करतो."

ताई पुढची घडी घालायला लागली. निघताना जिन्यात म्हणाली, "तो भीतीपोटी कधीच हात पुढे करत नाही. एवढं लक्षात ठेव." बायकोला आपला नवरा शूरच वाटायचा. आपला तो बाब्या.

२ ऑक्टोबर

रविवारी शेवटचा सामना, नदीपलीकडच्यांशी. गणित स्पष्ट आहे. तीन-तीन झालं तरी आम्ही पहिल्या गटात राहतो, खोली राहते. हरलो तर खाली. त्यांना विजेतेपदासाठी तीन गुण पुरतात. पहिल्या पटावर तोफ आणि समोर बुवा. गुरु-शिष्य, चांगलं नाटक आहे. सेक्रेटरी आज चाचरत म्हणाले, "अशा वेळी बरोबरी आली तर धोरण जरा सैल..." मी म्हटलं, कप्तान मी आहे.

एक गोष्ट वहीत लिहायला हरकत नाही. खोली राहावी असं मला वाटतं, फार वाटतं. चौदाव्या वर्षापासून त्या खोलीत बसतोय. पण त्याहून मला बुवाला एकदा हरलेलं बघायचंय. एकदाच.

६ ऑक्टोबर

घडलं तसं लिहितो.

चार वाजेपर्यंत खालचे पाचही पट संपले. भूगोलाचे मास्तर जिंकले, मला वाटलं आता आपलाच दिवस. शेवटी दोन्हीकडे अडीच-अडीच. सगळे पहिल्या पटाभोवती गोळा झाले. तोफेचं एक प्यादं कमी होतं. पण बुवाचा राजा थोडा उघड्यावर होता, निदान मला तरी तसं दिसत होतं.

तेव्हा बुवा उठला. रिकाम्या पटांवरून नजर फिरवत एक चक्कर मारली. परत बसून एक चाल केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बरोबरी?"

एक प्यादं जास्त असताना. माझ्या मनात विचार आला तो हा: हा घाबरलाय. राजा उघड्यावर आहे, तिला काहीतरी सापडलंय, आणि याला ते कळलंय. नाहीतर जिंकत असलेला माणूस बरोबरी कशाला देईल?

ती माझ्याकडे आली. चेहरा लाल झालेला. "कप्तान, बरोबरी देतायत. घेऊ का?"

मला तिचा किताब आठवला. खोली आठवली. सेक्रेटरी तिच्या मागून दोन्ही हातांनी 'हो, हो' करत होते. हे सगळं मला दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं.

ती हलली नाही. "कप्तान," ती हळू म्हणाली, "मी विचारतेय तुम्हाला."

"उत्तर दिलं. खेळा."

क्लबाची रीत अशी की कप्तानाचा शब्द मोडायचा नाही. ती गेली, बसली आणि मान हलवून नकार दिला. बुवाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्याने चुकीचा पत्ता विचारावा तसं. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ पटाकडे बघत बसला.

पुढचं मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही. त्याने हत्ती सरळ तिच्या प्याद्यांच्या भिंतीत घातला. फुकट. तिला तो घ्यावाच लागला. मग उंट. मग तो घोडा, जो तीस वर्षं घरी परत जात होता, तो शह देत पुढे आला आणि पुन्हा मागे गेलाच नाही. तिचा राजा पटाच्या मधोमध ओढून आणला. मागून कोणीतरी 'अरे बाप रे' म्हणालं. मी पुस्तकांत असे डाव बघितलेत. लहानपणापासून मला असा एक, एकच डाव खेळायचा होता. त्याच्यासाठी मी कितीतरी वेळा वजीर घालवला. तो डाव मी आज समोर उभा राहून बघितला, आणि तो खेळत होते दाजी.

मात व्हायला तीन चाली उरल्या असताना तिने राजा आडवा केला.

दाजींनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. तिने मान हलवली. नंतर ते कोट घालत माझ्याजवळ आले.

"दाजी," मी म्हटलं, "हे तुम्हाला येत होतं?"

"येतं रे," ते म्हणाले. "हल्ला काय, सगळ्यांनाच येतो."

"मग तिच्यावर आजच कशाला?"

"तू नाही म्हणालास. माझाही संघ आहे, मला हरून चालत नव्हतं. आणि एक प्यादं जास्त ठेवून हळूहळू तिला पाच तास मारत बसण्यापेक्षा हे बरं." घड्याळ टेबलावरच राहिलं होतं, ते घ्यायला मागे वळले. "हो म्हणायचं होतंस, बाळा," म्हणाले आणि गेले. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

९ ऑक्टोबर

कमिटीची बैठक झाली. महिनाअखेर खोली सोडायची. भूगोलाच्या मास्तरांनी गेल्या वर्षीच्या सगळ्या सामन्यांचे निकाल फळ्यावर मांडले, शाळेत मांडतात तसे. पहिल्या पटावर समोरच्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू, आणि त्याच्याविरुद्ध दर वेळी आमचा अर्धा गुण. त्यामुळे खालचे आम्ही सगळे आपापल्या ताकदीच्या माणसांशी खेळलो, ते म्हणाले. आणि दाजींच्या बऱ्याचशा बरोबऱ्या नेमक्या त्या वेळच्या, जेव्हा अर्ध्या गुणाने सामना आमचा होत होता. हे सगळं ते माझ्याकडे न बघता बोलत होते. मी म्हटलं, आकड्यांत काय, काहीही दाखवता येतं. मास्तर फळा पुसायला लागले.

१३ ऑक्टोबर

दोन दिवस ठरवत होतो, आज दवाखान्यात गेलो. मी उभाच राहिलो. ती हातमोजे काढत होती. नदीपलीकडच्या क्लबात जातेय, दुसऱ्या पटावर, असं तिनेच सांगितलं. बरं केलंत, मी म्हटलं. मग म्हटलं, किताब काय, पुढच्या वर्षी होईल. तुमच्यात दम आहे. मी तुमच्यावर विश्वास टाकला म्हणूनच तर 'खेळा' म्हणालो.

तिने हातमोजे डब्यात टाकले.

"तुम्ही माझा पट बघितला होता का, कप्तान?"

"बघितला होता की. त्यांचा राजा उघडा होता."

"नव्हता. मी हरत होते. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. मास्तरांनाही दिसत होतं. म्हणून तर मी दुसऱ्यांदा थांबले तुमच्यापुढे." आवाज चढवला नाही तिने. "तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात. तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात."

बाहेर बाकावर एक म्हातारे गाल धरून बसले होते, तिने त्यांना आत बोलावलं. मी बाजूला झालो. उत्तराची तयारी करून गेलो होतो. पण ती बोलली ते खरं होतं, आणि सहा तारखेला मागे उभं असतानाही ते मला कुठेतरी ठाऊक होतं.

ताईकडे जायला हवं. तिने दार उघडलं तर काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.